रुमालांचा क्रम कोणी लावला?

पेशवे दफ्तराविषयी लिहिताना कागदांच्या अफाट संख्येचा उल्लेख हमखास होतो. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येक रुमालात पुडकी आणि पुडक्यांत मोडी कागदांच्या चळती. पण दफ्तराचे खरे मोल हवा तो कागद वेळेला हाती लागतो की नाही यावर ठरते, आणि ते अवलंबून असते कागद कोणत्या क्रमाने लावले आहेत यावर. हा क्रम आपोआप पडत नाही. कोणीतरी, कशासाठी तरी तो लावलेला असतो. पुण्याच्या दफ्तराची हकीकत पाहिली तर ते दर वेळी त्या त्या मालकाच्या प्रश्नासाठी लावले गेले असे दिसते. ज्यांचे प्रश्न वेगळे होते त्यांना उत्तरे फार उशिरा मिळाली, किंवा मिळालीच नाहीत.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात हुजूर दफ्तराची, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीतल्या दफ्तराची, घडी नीट बसली. त्याचे दोन मोठे भाग होते, चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत त्या त्या दिवसाखाली उतरत असे. एकबेरीजेत सगळीकडचे हिशेब एकत्र येत, त्यांचे तर्जुमे (गोषवारे) होत, खतावण्या (खातेवार नोंदी) होत. म्हणजे एकच रक्कम तारखेखालीही सापडे आणि खात्याखालीही. दोन वाटांनी एकाच नोंदीपाशी पोहोचण्याची ही सोय कारकुनांनी शाई आणि बोरू यांच्या बळावर उभी केली होती. तिचे आपल्याकडे पुरेसे कौतुक झालेले नाही. पण या सोयीमागचा प्रश्न एकच होता: किती आले, कशापायी गेले, शिल्लक काय. त्या प्रश्नाला दफ्तर चोख उत्तर देई. १८०० मध्ये नाना फडणवीस गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ही शिस्त ढासळली. १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दफ्तर ताब्यात घेतले तेव्हा त्यांनाही हा फरक जाणवला.

इथे कोणी म्हणेल की तारखेचा क्रम तरी निःपक्षपाती असतो. कागद तारखेवार लावा म्हणजे कोणाच्या हेतूचा प्रश्नच उरत नाही. मराठी कागदांच्या बाबतीत हे दिसते तितके सरळ नाही. दफ्तरी वर्ष शुहूर सनाचे. ते मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणजे सौर, आणि लिहिले जाते अरबी संख्याशब्दांत. पानिपतची लढाई झाली ते वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. महिना आणि दिवस मात्र हिजरी, म्हणजे चांद्र: ‘छ’ लिहून चंद्राचा आकडा, पुढे जमादिलाखर किंवा रबिलावल. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे एका शुहूर सनाच्या आरंभीची काही चांद्र तारीख त्याच सनाच्या शेवटी पुन्हा येते. त्यातून पत्रलेखकाने अनेकदा सनच घातलेला नसतो. ज्याला पत्र लिहिले त्याला वर्ष ठाऊकच होते. अशा पत्राला वर्ष द्यायचे तर आतला मजकूर, माणसे, मुक्काम यांवरून ते ताडावे लागते. म्हणजे तारखेचा क्रमसुद्धा वाचणाऱ्याच्या निर्णयावर उभा असतो. आणि तारखा निर्विवाद असल्या तरी एका गावाचा पन्नास वर्षांचा माग काढणाऱ्याला रोजकीर्दीचा क्रम फारसा उपयोगी पडत नाही. त्याला पन्नास वर्षांचा प्रत्येक दिवस उलटावा लागतो.

क्रमात किती सत्ता असते हे इनाम कमिशनने दाखवून दिले. कोणाकडे किती जमीन सरकारी साऱ्यातून सुटली आहे आणि ती सूट खरी आहे का, हा त्याचा प्रश्न. १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. त्यानंतर इनामदाराला आपला हक्क शाबीत करावा लागे, आणि त्याच्या सनदेची पडताळणी सरकारच्या हातातल्या दफ्तरावरून होई. जुन्या वतनदारांच्या घरचे कागदही सरकारकडे आले. पेशव्यांनी जमाखर्चासाठी सांभाळलेले कागद आता पेशव्यांनी दिलेलीच इनामे तपासण्यासाठी उलगडले गेले. पुष्कळांची इनामे गेली, आणि १८५७ च्या आधीच्या दक्षिणेतल्या असंतोषात या चौकशीचा वाटा मोठा होता. पुढे दफ्तर ज्या कचेरीकडे राहिले तिचे काम इनामांचेच, त्यामुळे वर्गवारीचा कणाही महसुली राहिला. प्रांतवार अजमास शोधणाऱ्याला वाट होती. रयतेतल्या बाईची फिर्याद, एखाद्या जातीचा तंटा, दुष्काळातली सूट शोधणाऱ्याला नव्हती. ते कागद तिथेच होते, पण त्या नावाचा रुमाल नव्हता.

अशा वेगळ्या प्रश्नांची उत्तरेही या कागदांत आहेत हे पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडले ते न्यायमूर्ती रानडे यांनी. दफ्तरदार गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतून वेचे काढले होते. त्यांविषयी १९०० साली लिहिताना रानड्यांनी दाखवले की लढाया आणि तह यांच्यापलीकडचा, कारभाराचा आणि समाजाचा इतिहास या नोंदींत आहे आणि बखरी किंवा इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ यांच्याकडून तो मिळत नाही. कागद तेच, प्रश्न बदलला आणि इतिहास बदलला. बाहेरच्या अभ्यासकांना मात्र दफ्तराचे दार जवळजवळ बंदच होते. वि. का. राजवाड्यांनी घरोघरच्या बासनांतून कागद जमवून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, त्यामागे ही परिस्थितीही होती. सरकारी दफ्तरातून मोठ्या प्रमाणावर छपाई झाली ती १९३० ते १९३४ या काळात, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली, ४५ खंडांत.

सरदेसायांच्या खंडांवर अपुरेपणाचा आक्षेप घेणे सोपे आहे. बहुतेक खंड मोहिमा, राजकारण आणि मोठी माणसे यांभोवती बांधलेले. सामाजिक आणि धार्मिक बाबींना स्वतंत्र जागा मिळते ती ४३ व्या खंडात. यावरचे उत्तरही वजनदार आहे. निवड केली नसती तर काहीच छापले गेले नसते, आणि मोडी न येणाऱ्या दोन-तीन पिढ्या या कागदांना मुकल्या असत्या. हे मला पूर्ण मान्य आहे. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातली जातिसंस्था आणि राज्यसत्ता यांचा संबंध उलगडला तो छापील वेच्यांच्या आधारावरच. तरीही निवडणे आणि क्रम लावणे या दोन कृतींचा परिणाम सारखा नाही. क्रम चुकला तर पुढचा माणूस तो बदलू शकतो, कारण सारे कागद त्याच्यासमोर असतात. गाळलेला कागद वाचकाला दिसतच नाही, आणि न दिसलेली गोष्ट घडलीच नाही असे धरून तो पुढे जातो. छापील खंडांवर विसंबून लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांत अठरावे शतक निव्वळ स्वाऱ्यांचे दिसते. हा दोष सरदेसायांचा नाही. ४५ खंड म्हणजेच दफ्तर असे मानणाऱ्या वाचकांचा आहे.

आता संगणक आला, एका क्षणात हवा तो क्रम लागतो, मग ही जुनी चर्चा कशाला, असा आक्षेप आज ऐकू येतो. पण संगणक कागद चाळतो तो त्याच्या सोबत टिपलेल्या माहितीवर. गाव, व्यक्ती, तारीख, प्रसंग यांतले जे कोणी नोंदवले असेल त्यावरच गाळता येते आणि त्यावरच क्रम लावता येतो. रुमालाचा नुसता क्रमांक देऊन मोडी पानाचे छायाचित्र ठेवले तर ते रुमालाइतकेच मुके राहते. यंत्राने अक्षरे ओळखली तरी ‘छ’ पुढच्या आकड्याला कोणते वर्ष जोडायचे हा निर्णय शिल्लक राहतोच, आणि तो घेताना मोडी आणि कालगणना जाणणारा माणूस लागतो. फिर्याद करणाऱ्या बाईचे नाव सूचीत घालायचे की तिच्या नवऱ्याचे, हेही कोणीतरी ठरवतेच. म्हणून मूळ रचना जशीच्या तशी राखून तिच्यावर अनेक सूच्या चढवणे हाच उपाय मला योग्य वाटतो. रोजकीर्द आणि खतावणी शेजारी शेजारी ठेवणाऱ्या पेशव्यांच्या कारकुनांना त्यातले मर्म कळले होते. फरक इतकाच की आता सूच्या एका मालकापुरत्या नकोत.

अजूनही महाराष्ट्रात, आणि तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत, मोडी कागदांची बासने असतील. ती एखाद्या संस्थेला किंवा अभ्यासकाला देणार असाल तर ‘महत्त्वाचे’ वाटणारे चार कागद वेगळे काढू नका. सगळे बासन द्या, कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत त्याच क्रमाने द्या, आणि ते कोणत्या घरात कोणाकडे होते हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.