लघुपट आणि दीर्घपट : कुंभकोणमच्या एका चरित्राच्या निमित्ताने

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे नगर मराठी माणसाला अगदीच परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात ते होते. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली तेथेच एका मराठी कुटुंबात जन्मले. या नगरात शारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओटी असलेले एक लहानसे घर आहे. कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या गृहस्थाचे ते घर. त्यांचा मुलगा श्रीनिवास रामानुजन १८८७ साली इरोड येथे आजोळी जन्मला. पण तो वाढला, शिकला आणि पाटीवर गणिते मांडू लागला तो याच घरात.

या चरित्रावर दीर्घ चित्रपट निघाले, तसेच लहान अनुबोधपटही निघाले. एकच आयुष्य दोन्ही मापांत पडद्यावर आल्यामुळे, लघुपट आणि दीर्घपट यांच्यात नेमका भेद कोणता, या प्रश्नाला येथे हाताशी धरण्याजोगे उदाहरण सापडते.

घड्याळाने मोजावयाचे म्हटले तर उत्तर सोपे आहे, आणि फारसे उपयोगाचे नाही. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांच्या नियमाप्रमाणे चाळीस मिनिटांपर्यंतचा तो लघुपट. आपल्याकडील राष्ट्रीय पारितोषिकांनी कथाचित्राची सीमारेषा बहात्तर मिनिटांवर आखली. या दुसऱ्या मापाने दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मोजून पाहावा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेला हा चित्रपट चार रिळांचा, ३७०० फूट लांबीचा होता. त्या काळच्या हाताने फिरवावयाच्या यंत्रावर सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे फूटभर फीत, सरकते असे धरले, तर सारा खेळ तासाभराचा होतो. ज्याला भारतीय कथाचित्रांचा आद्यपुरुष मानावयाचे, तोच बहात्तर मिनिटांच्या उंबरठ्याबाहेर उभा राहतो!

फाळक्यांनी त्यापूर्वी, १९१२ साली, एक अगदी छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे ते दिवसेंदिवस टिपीत राहिले, आणि महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. या फितीत नायक नाही, संकट नाही, सुटका नाही. अंकुर वर येतो, एवढेच. प्रेक्षकाने तेवढेच पाहावयाचे असते आणि तेवढ्याने त्याचे समाधान होते. हरिश्चंद्राच्या कथेत मात्र राज्य जावे लागते, तारामतीला विकावे लागते, स्मशान यावे लागते. तासभर माणसाला खुर्चीवर बसवून ठेवावयाचे तर पुढे काय होणार याची हुरहूर हवीच. खरा भेद या हुरहुरीत आहे. लघुपट एखादी गोष्ट दाखवून मोकळा होऊ शकतो, आणि दीर्घपटाला ती घडवून आणावी लागते.

गंमत अशी की, आरंभी मोठ्या चित्रपटालाही लहानांचा आधार लागे. ‘राजा हरिश्चंद्रा’च्या खेळाबरोबर नृत्य, पायांवरील कसरत आणि विनोदी चित्रफिती असा भरगच्च कार्यक्रम होता. तामिळ प्रदेशातही तेच झाले. १९३१ साली मद्रासला ‘कालिदास’ हा पहिला तामिळ बोलपट लागला. त्याची नायिका टी. पी. राजलक्ष्मी ही कुंभकोणमच्याच पंचक्रोशीत शोभणाऱ्या तिरुवैयारूची. त्या खेळालाही तिच्या नृत्यगीतांच्या छोट्या फितींची जोड होती. पुढे बोलपट तीन तासांचा झाला, त्यात गाणी, नृत्य आणि विनोद हे सारे आतच आले, आणि बाहेरच्या लहान फितींची गरज संपली.

लघुपट मग उरला तो सरकारच्या आश्रयाने. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने ठरविलेल्या फिती प्रत्येक चित्रपटगृहाने दाखविल्याच पाहिजेत, असा हुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि ही सक्ती परवान्याच्या अटीत जाऊन बसली. कुंभकोणमचा प्रेक्षक काय किंवा कोल्हापूरचा काय, तामिळ वा मराठी निवेदनासह धरणे, पूर, लसीकरण आणि पुढाऱ्यांचे दौरे पाहून मगच मुख्य चित्राला लागे. जो उशिरा येई तो त्यातून सुटे. मराठीत लघुपट आणि अनुबोधपट हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, याचे मूळ बहुधा येथेच असावे. कारण लहान फीत म्हणजे माहितीची फीत, हाच दोन पिढ्यांचा अनुभव होता. लघुपटाला प्रेक्षक मिळाला खरा, पण तो मागितलेला नव्हता, आणि त्या सक्तीने त्याची चवही बरीच बिघडविली. सारे काही निवेदकानेच सांगून टाकावयाचे, चित्राने नुसती मान डोलवावयाची, ही खोड त्याला तेव्हा जडली. ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आता पुन्हा शारंगपाणीच्या रस्त्यावरील त्या घराकडे वळावे. १६ जानेवारी १९१३ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ झळकण्यापूर्वी सुमारे साडेतीन महिने आधी, मद्रास बंदराच्या कचेरीत कारकून असलेल्या रामानुजनने केंब्रिजच्या हार्डींना आपले सुप्रसिद्ध पत्र धाडले. १९१४ च्या मार्चमध्ये तो विलायतेस निघाला. १९१८ साली रॉयल सोसायटीचा सभासद झाला. १९१९ साली क्षीण होऊन परतला आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रासला निवर्तला.

या आयुष्यावर ख्रिस्तोफर साइक्स यांनी १९८७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी ‘लेटर्स फ्रॉम ॲन इंडियन क्लार्क’ हा सुमारे तासाभराचा अनुबोधपट केला. दिग्दर्शक ज्ञान राजशेखरन यांचा ‘रामानुजन’ २०१४ साली आला, आणि रॉबर्ट कॅनिगेल यांच्या चरित्रग्रंथावर आधारलेला ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ २०१५ साली. हा शेवटचा चित्रपट १०८ मिनिटांचा आहे. त्यात देव पटेल रामानुजन झाले आहेत आणि देविका भिसे त्यांची पत्नी जानकी. मद्रासच्या घरात एक तरुण स्त्री नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. तिची पत्रे सासू दडवून ठेवते. इकडे केंब्रिजच्या थंडीत तो एकाकी होत जातो. दीर्घपटाच्या दृष्टीने ही रचना चोख आहे. सिद्धता आणि प्रमेये यांवर दोन तास प्रेक्षक धरून ठेवता येत नाही. समुद्रापलीकडच्या घराला एक चेहरा हवा, आणि तो जानकीने दिला.

पण इतिहासातली जानकी कोण होती? १८९९ साली जन्मलेली ही मुलगी १९०९ च्या जुलैमध्ये लग्नाला उभी राहिली तेव्हा दहा वर्षांची होती. पती बोटीत चढला त्या दिवशी तिला पंधरावे लागण्यास चारच दिवस उरले होते. तोपर्यंतचा तिचा सहवास जेमतेम दोन वर्षांचा, तोही सासूच्या देखरेखीखाली. आणि पुढचा वर्षभराचा सहवास मरणोन्मुख माणसाच्या शुश्रूषेचा. पत्रे अडविल्याची हकीकत चरित्रकारांनीही सांगितली आहे, तेव्हा पटकथेने ती हवेतून आणलेली नाही. मात्र मुलीच्या जागी स्त्री बसविली की त्या हकीकतीचा अर्थ पालटतो. विरह दिसतो, आणि बालविवाह दिसेनासा होतो. यात चित्रपटकारांनी लबाडी केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोठ्या चित्राला प्रेमकथा हवी होती, आणि दहा वर्षांच्या वधूची प्रेमकथा होऊ शकत नाही. किंमत मात्र द्यावी लागली, आणि ती जानकीने दिली.

तासाभराच्या अनुबोधपटाला ही अडचण नाही. पत्र, वही, घर, शाळा आणि आठवणी सांगणारी माणसे एवढी सामग्री त्याला पुरते. त्याला कोणाला तरुण करावे लागत नाही की कोणाला खलनायिका ठरवावे लागत नाही. अर्थात तो रडवीतही नाही. आणि रामानुजनचे नाव ज्यांनी पूर्वी ऐकलेले नव्हते अशा लक्षावधी लोकांपर्यंत ते पोचले ते दीर्घपटामुळेच, हेही तितकेच खरे.

रामानुजन कागद महाग म्हणून पाटीवर आकडेमोड करी, कोपराने ती पुशी, आणि उरलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरून घेई. मधल्या पायऱ्या बहुतेक नाहीशाच झाल्या. ते घर २००३ साली शास्त्र विद्यापीठाने विकत घेऊन स्मारक म्हणून जतन केले. जानकी अम्माळ मात्र वैधव्यात शिवणकाम करीत राहिल्या आणि १९९४ साली वारल्या. साइक्स यांचा लघुपट दाखविला गेला तेव्हा त्या हयात होत्या. पडद्यावरची तरुण जानकी पाहावयास त्या उरल्या नव्हत्या.