भिंतीआडच्या घामाचा हिशेब : प्रस्तावना

तीर्थपुरीच्या शिवारात गुढीपाडव्याला सालगड्याचा सौदा ठरतो. रोख किती, धान्य किती, यावर दोन्ही बाजू बोलतात. नाहीच जमले, तर पुढच्या पाडव्याला गडी दुसरे घर धरतो. हा व्यवहार दरवेळी न्यायाचा असतोच असे नाही, पण घर बदलण्याची वाट गड्यापाशी असते. इथून गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथल्या खुल्या कारागृहातही माणसे शेतात राबतात. ते शिक्षा भोगणारे बंदी आहेत. त्यांना मात्र ती वाट नाही.

कारागृहातील श्रम हा अभ्यासविषय या फरकापासून सुरू होतो. इथे राखणदार सरकार, काम देणारे सरकार, आणि येरवड्याच्या कारागृह मुद्रणालयासारख्या ठिकाणी तयार मालाचे गिऱ्हाईकही सरकारच. सक्तमजुरीच्या कैद्याला काम सोडता येत नाही. म्हणून देखरेख हा इथे कारभाराचा उपचार नाही. कैद्याच्या हाती नसलेली सौदाशक्ती तीच काही अंशी भरून काढते.

‘खडी फोडायला पाठवणे’ हा वाक्प्रचार आपल्या बोलीत रुजला आहे आणि अंदमानचा कोलू मराठी वाचकाला परका नाही. त्यामुळे हा विषय छळाच्या कथांपुरताच असावा, असे तुम्हाला वाटू शकेल. वाचकांनी थोडा धीर धरून नोंदवह्यांकडेही वळावे, ही विनंती. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम ३५ पाहा. मजुरीची शिक्षा झालेल्याला, तातडीचा प्रसंग वगळता, दिवसाला नऊ तासांहून अधिक काम देऊ नये, असे ते सांगते. पुढे ते वैद्यकीय अधिकाऱ्याला बजावते की, काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या तिकिटावर, म्हणजे नोंदपत्रावर, नोंदवावे आणि कामाने प्रकृती ढासळत असेल, तर त्याला त्या कामावरून काढावे. वजनाचा तो आकडा म्हणजे शरीराने दिलेली साक्षच. तो मांडला की घटलेले शेर-दोन शेर लपत नाहीत. मांडलाच नाही, तर कैद्याच्या तक्रारीला आधार उरत नाही.

वेतनाचा प्रश्न यापुढचा. कैद्यांच्या मजुरीविषयीच्या गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले की सक्तमजुरी घटनाबाह्य नाही, पण तिचा न्याय्य मोबदला द्यायला हवा. त्यातला काही भाग गुन्ह्याने पोळलेल्यांच्या भरपाईसाठी राखण्याचा विचारही त्याच निकालात आहे. त्याच न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने जात पाहून काम वाटण्याची तुरुंगांतली रीत रद्द केली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. एका रकान्यावर कुणाच्या हाती झाडू येतो हे ठरत होते, हे ध्यानात घेतले की कागद वाचण्याचे मोल कळते.

नव्या वाचकाने आधी कायदा वाचावा, मग न्यायमूर्ती मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल, मग हे निकाल. त्यानंतर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जरूर जावे. औंध संस्थानाने १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, कैद्यांची ही मुक्त वसाहत उभारली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा तीच. भिंतीऐवजी विश्वासावर श्रम उभे करण्याचा हा प्रयोग आपल्याच मातीत झाला, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे.

तो अभिमान जपायचा, तर बाहेरची नजर हवी. कारागृहांना भेट देणाऱ्या अभ्यागत मंडळात अशासकीय सदस्यांनाही जागा असते. उद्या तुम्ही तिथे गेलात, तर नुसता नीटनेटका कारखाना पाहून परतू नका. कामाचे तास विचारा, खात्यावर जमा झालेली मजुरी विचारा, आणि एका कैद्याचे तिकीट मागून त्यावरचे वजनाचे आकडे ओळीने वाचा.