सव्वादोन वारांचा परकर

परवा नातीनं विचारलं, "आजी, दोन मीटर कापडात पायघोळ स्कर्ट होतो का गं? तयार घ्यायला गेलं तर माझा सगळा पॉकेटमनी जातो, आणि टेलरबाई शिलाईच कापडापेक्षा जास्त सांगतात." मी म्हटलं, होतो की, आणि घेरही भरपूर येतो. तिला काही खरं वाटेना. मग एका पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून दाखवली. काढता काढता माझ्याच लक्षात आलं, की हे मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. मला आईनं शिकवलं, आईला माझ्या आजीनं, आणि आजीला युद्धातल्या महागाईनं. मैत्रिणींनो, त्या आकृतीची गोष्ट आज सांगते.

आजीच्या लहानपणी मोठ्या बाईला परकर लागतच नसे. परकर-पोलकं मुलींचं. मुलगी साडी नेसायला लागली की परकर सुटला, कारण कासोट्याच्या नऊवारीत त्याचं काही कामच नव्हतं. पुढे विसाव्या शतकात शहरांतून पाचवारी रुजत गेली आणि तिच्याबरोबर परकर बायकांच्या अंगावर परत आला. पाचवारी आली ती सोयीसाठी आणि थोडी नव्या चालीसाठी, असंच आपण ऐकतो. ते खरंच आहे. पण मी पडले कॉमर्सची, मला त्यात एक बेरीज दिसते. पाच वार साडी आणि सव्वादोन वार परकर, मिळून सव्वासात वार. नऊवारीपेक्षा पावणेदोन वार कमी. शिवाय परकराचं कापड साधं, स्वस्तातलं चालतं. वर्षाकाठी घरातल्या तीन-चार बायकांचा हिशोब केला, तर हा आकडा लहान नाही.

खर्च वाढला तो एकाच ठिकाणी. नऊवारीला सुई लागत नाही, परकराला लागते. शिंप्याकडे टाकावा तर शिलाई पडते, म्हणून घरच्या घरी शिवणं आलं. शिवणाचं मशीन तोवर आपल्याकडे येऊन पोचलं होतं. अमेरिकेत सिंगरनं १८५१ साली पेटंट घेतलं आणि १८५६ पासून त्यांची कंपनी मशीन हप्त्यानं विकू लागली. बी.कॉम.ला हायर पर्चेसची गणितं सोडवताना मला हे कुणी सांगितलं असतं, तर तो धडा इतका रुक्ष वाटला नसता! यंत्रांविषयी कडक मत असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली बोलताना शिवणयंत्राला अपवाद केलं होतं, कारण ते बाईचे कष्ट वाचवण्यासाठी निघालं असं त्यांना वाटे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात, म्हणजे १९०९ नंतर, बायकांना शिवण शिकवत. १९३० च्या दशकात कलकत्त्याहून उषा मशीन निघालं. आमच्या आजोळी मात्र यातलं काहीच नव्हतं. होती ती सुई, आणि शेजारच्या काकूंचं हातमशीन, तेही दुपारी त्यांची झोप होईपर्यंत.

आजोळ सोलापूरचं. गिरण्यांचं गाव, तरीही युद्धात तिथंसुद्धा कापडाची टंचाई आली, हे आईनं सांगितलं तेव्हा मला चमत्कारिक वाटलं होतं. पण कारणं सरळ होती. गिरण्यांचं पुष्कळसं कापड सैन्याकडे जाऊ लागलं, १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरल्यावर तिकडचा माल बंद झाला, आणि उरलेला माल साठेबाजांनी दडवला. भाव युद्धापूर्वीच्या कितीतरी पट चढले. शेवटी १९४३ साली सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीच्या कापडावर जास्तीत जास्त किंमत छापायची सक्ती झाली. रांगेत उभं राहून तेवढंच कापड मिळे. छापील किमतीला दुकानात माल नसे, आणि मागच्या दारानं हवा तेवढा असे. १९४८ च्या सुरुवातीला नियंत्रण उठवलं, तर भाव असे भडकले की त्याच वर्षी पुन्हा लावावं लागलं.

आजीला काळजी त्या छापील शिक्क्याची. कापड इतकं मोजकं, की शिक्क्याचा तुकडा कापून टाकणं जमायचं नाही. आणि परकरावर किंमत दिसली तर चारचौघींत लाज. मग ती कापड बेततानाच अशी युक्ती करी, की शिक्का नेफ्यात दुमडला जावा. आई म्हणायची, "आमच्या कमरेला भाव बांधलेला असे, पण दिसायचा कुणाला नाही."

आता ती आकृती. तेव्हाच्या कापडाचा पन्हा छत्तीस इंची धरा. परकराला दोन उंची कापड लागतं, म्हणजे साधारण ८० इंच, सव्वादोन वारांत बसतं. हे दोन तुकडे सरळ जोडून चुण्या घातल्या, तर शिवण जाऊन घेर ७० इंच येतो, खाली ७० आणि वर कमरेलाही ७०. कमरेभोवती नुसता बोंगा. तेच कापड कळ्यांत कापायचं. एक कळी वर ८ इंच, खाली १६ इंच. शेजारची उलटी ठेवायची, तिचं रुंद टोक वर. एका उंचीत दोन अख्ख्या कळ्या बसतात आणि दोन्ही किनारींना अर्धी अर्धी उरते. या अर्ध्या किनारीकडून जोडल्या की तिसरी कळी तयार. दोन उंचींत अशा सहा. सगळ्या शिवणींचे इंच वजा केले, तर कमरेला ४० आणि खाली ८८ इंच! कमरेचा फुकटचा बोंगा खाली घेरात उतरला, आणि कात्रीखाली चिंधीही पडली नाही. नाडीची फट किनारीच्या जोडावर ठेवायची, तिथं कापड उसवत नाही. मुलींच्या परकराला आणखी एक गोष्ट करत: तळाच्या वर दोन आडवे टक घालून ठेवायचे आणि मुलगी वाढेल तसा दरवर्षी एक उसवायचा. उसवलेल्या टकाची गडद रेघ राहते, तिच्यावर लेस लावायची.

या बेतण्यात एकच खोट आहे, आणि ती माझ्या वाट्याला आली. मी पाचवीत असताना आईनं कटपीसवाल्याकडून छापील कापड आणलं, पिवळ्यावर हिरवे पोपट. शाळेच्या संमेलनासाठी परकर शिवला. घालून आरशात बघते तर एका कळीतले पोपट सरळ, पुढच्या कळीतले डोकं खाली, पाय वर. मी अशी रडले की विचारू नका. आई एवढंच म्हणाली, "उलटे कुठे आहेत? फांदीला लटकलेत ते." मी तो परकर घातला नाही. संमेलनाला शाळेचाच निळा स्कर्ट घालून गेले. पोपटांचा परकर धाकटीनं दोन वर्षं कौतुकानं मिरवला.

कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीसाठी कापड बेतायला बसले, तेव्हा हिशोब केला. सगळे पोपट सरळ ठेवायचे, तर एका पन्ह्यात दोनच कळ्या बसतात. म्हणजे दोन उंचींऐवजी तीन उंची, दीडपट कापड. कटपीस तेवढा नव्हता, आणि असता तरी आईच्या महिन्याच्या पैशांत ती तिसरी उंची बसली नसती. ती हे मला तेव्हा सांगू शकली असती. पाचवीतल्या मुलीला गुणाकार येतो. पण घरात पैसे कमी आहेत हे मुलींना आकड्यांत कळू नये, असं बहुधा तिनं ठरवलं असावं. त्यापेक्षा माझं रडणं तिनं चालवून घेतलं. मी तिला तसं कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

वार जाऊन मीटर आले, ते १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू. सव्वादोन वार म्हणजे ८१ इंच, आणि दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी. दुकानदार सव्वादोनच्या ऐवजी सरळ दोन मीटर फाडू लागला. सव्वादोन इंच कमी पडले, तर आईनं नेफा वेगळा करायला सुरुवात केली. वडिलांच्या जुन्या धोतराची पट्टी कमरेला, अंगाचं कापड सगळं उंचीला. मऊही लागतो. मी अजून तसाच लावते, फक्त पट्टी जुन्या सुती साडीची.

नातीनं काल कापड आणलं. पन्हा चव्वेचाळीसचा, त्यामुळे कळ्या आणखी ऐसपैस निघतील. पण आणलंय काय, तर हत्ती छापलेलं! मी तिला आकृती पुन्हा दाखवली. म्हटलं, निम्मे हत्ती उलटे होतील. नको असतील तर अजून एक मीटर आण, पैसे मी देते. ती थोडा वेळ कापड पसरून बघत बसली आणि म्हणाली, "राहू दे आजी, उलटेच छान दिसतील." आज दुपारी कापायला घेणार आहे. कात्रीला धार लावून ठेवली आहे.