वेताळाचा देश आणि वाचकाचा विश्वास

कथेचा पूर्वेतिहास मागाहून पालटण्याचा अधिकार कथाकारास कितपत आहे, हा प्रश्न जुनाच आहे. चित्रकथांच्या प्रांतांत तो मराठी घरांत शिरला तो 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या द्वारें. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेची ही माला १९६४ पासून १९९० पर्यंत चालली, व तिच्या मराठी अंकांतून वेताळ हा मुखवटाधारी वीर आमच्या मुलांचा सोबती झाला.

हा वेताळ मूळचा अमेरिकेंतील. ली फॉक यांनीं १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वृत्तपत्रांतून त्याची कथा सुरू केली. जिमी वेल्स नांवाचा एक सधन, विलासी तरुण हाच मुखवट्याआडचा पुरुष ठरवावा, असा त्यांचा आरंभींचा बेत होता. पहिली कथा चालू असतांनाच त्यांनीं तो सोडला, आणि नायकास अरण्यवासी करून चारशें वर्षांची वंशपरंपरा दिली. चांच्यांच्या हल्ल्यांतून वांचलेला मूळपुरुष पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो. पित्यामागून पुत्रानें तीच शपथ घ्यावयाची. आणि लोकांनीं मात्र वेताळ एकच व अमर आहे असें समजावयाचें. पुढें त्याचा देशहि जागचा हलला. आशियाकडचा तो कालांतरानें आफ्रिकेंत गेला.

इंद्रजालच्या संपादकांनीं यांत आपली भर घातली. मूळचा बंगाला देश 'डेंकाली' झाला, सिंग चांचे 'सिंगा' झाले, आणि विसाव्या वेताळाचा मारेकरी रामा हा 'रामालु' झाला. बंगालशीं घोटाळा होऊं नये, व देवाचें नांव खुन्यास असूं नये, हा हेतु उघड दिसतो.

मग वाचकाची फसवणूक झाली काय? आमच्या मतें उत्तर वेताळाच्या कथेंतच आहे. अरण्यवासी लोकांस वेताळ अमर वाटतो. परंतु त्या अमरत्वामागें एकवीस पिढ्या आहेत, हें गुपित वाचकास सांगितलेलें असतें. त्याचा विश्वास या भागीदारीवर उभा आहे. नांवें पालटलीं, नकाशा सरकला, तरी कवटी, शपथ व पिढ्यांचा क्रम अढळ आहे तोंवर ती मोडत नाहीं. मात्र डेंकालीवर वाढलेल्या मुलाच्या हातीं पुढें मूळ इंग्रजी कथा आली व तींत बंगाला दिसला, तर तो बिचारा आपल्या स्मृतीसच दोष देतो. एका ओळीच्या खुलाशानें हें टळतें.

आर्थर कॉनन डॉइल यांनीं १८९३ सालीं मारलेला शेरलॉक होम्स १९०३ सालीं परत आणला, तेव्हां तो कसा वांचला हें त्याच्याच तोंडून वदविलें. अमेरिकेंतील डीसी प्रकाशनानें १९८५-८६ सालीं आपल्या अनेक विश्वांचा गुंता सोडवितांना जुन्या विश्वांचा संहारहि कथेच्या रूपानें वाचकांसमोरच घडविला. खुलासा कोणास पटला, कोणास पटला नाहीं. पण वाचकास जमेंत धरलें गेलें.

याउलट, "पूर्वीं असें कांहीं नव्हतेंच" असें जो लेखक म्हणतो, तो वाचकाची भागीदारी काढून घेऊन त्यास अरण्यांतील भोळ्या लोकांत नेऊन बसवितो. मुलें नवें आनंदानें घेतात. जें तुम्ही वाचलें तें वाचलेंच नव्हतें, असें मात्र त्यांस कोणीं सांगूं नये.