इनाम आणि पुरस्कार : ढोकी-तेर परिसराच्या संदर्भात सार्वजनिक सन्मानाच्या स्वरूपाचा विचार

सार्वजनिक सेवेचा गौरव करण्याची प्रथा महाराष्ट्रात प्राचीन आहे. परंतु तो गौरव दरवर्षी व्हावा आणि व्यक्तीऐवजी संबंध गावाचा व्हावा, ही कल्पना मात्र अर्वाचीन होय. या दोन कल्पनांमधील अंतर समजून घेण्यास धाराशिव जिल्ह्यातील ढोकी व तिच्या शेजारचे तेर हा परिसर विशेष उपयोगी आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीटने 1901 मध्ये दाखवून दिले. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून या नगराचा निर्देश येतो. पुढे तगराचे व्यापारी वैभव ओसरले, तरी त्याचे नाव मात्र बिरुदाच्या रूपाने टिकून राहिले. उत्तर कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी आपल्या लेखांत तगरपुराचे स्वामित्व अभिमानाने मिरविले आहे. त्या काळी त्यांची सत्ता तगरावर नव्हती. पूर्वजांचा मान तेवढा वंशजांकडे चालत आला होता. सन्मान एकदा मिळाला की तो कुळाचा झाला, ही धारणा येथे स्पष्ट दिसते.

मध्ययुगीन ग्रामव्यवस्थेतही हीच धारणा आढळते. गावाच्या रक्षणार्थ धारातीर्थी पडलेल्या वीराच्या नावे वीरगळ उभारला जाई. या शब्दाचे मूळ कन्नड ‘वीरगल्लु’ म्हणजे वीराचा दगड असे असून, मराठी-कन्नड सहवासाची ती एक खूणच आहे. जिवंत सेवकाच्या वाट्याला इनाम अथवा वतन येई. ‘इनाम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ कृपा, अनुग्रह. ‘वतन’ या शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमी. मराठीत मात्र ‘वतन’ म्हणजे पिढीजात अधिकार व त्यामागोमाग येणारे उत्पन्न असा अर्थ रूढ झाला. सेवा एका पिढीने करावी आणि तिचे फळ पुढील पिढ्यांनी भोगावे, हा व्यवहार या अर्थांतरात साठलेला आहे.

निजामी राजवटीचा 1948 मध्ये शेवट झाल्यावर या व्यवहाराचा पायाच निखळला. हैदराबाद राज्यात 1949 मध्ये जहागिरी नष्ट झाल्या व 1954 च्या कायद्याने इनामेही रद्द करण्यात आली. पुढे 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने आणि 1962 मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांनी गावाला लोकनियुक्त असे सामुदायिक व्यक्तित्व दिले. गावाचा सन्मान करावयाचा, तर तो स्वीकारणारी संस्था हवी. ती या सुधारणांमुळे सिद्ध झाली.

या पार्श्वभूमीवर 2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे महत्त्व लक्षात येते. हातात खराटा घेऊन गावोगाव झाडणाऱ्या गाडगेबाबांचे (1876-1956) नाव धारण करणाऱ्या या अभियानात गावांची तपासणी होऊन जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या पातळ्यांवर बक्षिसे दिली जाऊ लागली. केंद्र शासनाने 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. 15 ऑगस्ट 2007 रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. यांतील कार्य कोणा एकाच्या पराक्रमाने साधणारे नव्हते. एका घराने शौचालय बांधण्याचे नाकारले किंवा एका भावकीने तंटा मिटविण्यास नकार दिला, तर उणेपण सर्व गावाला येई.

सन्मानापूर्वी परीक्षा, हे सूत्र मात्र तेरला नवे नाही. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी तिच्यातील निकष अर्थपूर्ण आहे. कीर्ती हा पक्केपणाचा पुरावा नव्हे. आणि कच्चे ठरलेल्यास पुढे पक्के होता येते. विसोबा खेचरांकडे गेलेल्या नामदेवांचे उदाहरण परंपरेने त्यासाठीच जपले आहे.

आधुनिक पुरस्कारांची खरी कसोटीही येथेच लागते. निर्मल ठरलेल्या अनेक गावांत काही वर्षांतच उघड्यावर शौचास जाणे पुन्हा सुरू झाल्याचे ठिकठिकाणच्या पाहण्यांतून आढळले. याचे खापर केवळ ग्रामस्थांच्या आळसावर फोडणे योग्य होणार नाही. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात पाण्याची टंचाई हेही त्याचे एक कारण आहे. तथापि वेशीवर फलक लागला म्हणजे कार्य संपले, ही समजूत जेथे बळावली, तेथे नव्या पुरस्काराला जुन्या इनामाचेच रूप आले, असे म्हणावे लागते.

‘पुरस्कार’ या संस्कृत शब्दाचा धात्वर्थ ‘पुढे करणे’ असा आहे. मराठीत ‘एखाद्या मताचा पुरस्कार करणे’ या प्रयोगात तो आजही जिवंत आहे. ज्याचा पुरस्कार करावयाचा, त्याच्या पाठीशी सतत उभे राहावे लागते. दरवर्षीची तपासणी हा म्हणूनच निव्वळ कारकुनी उपचार ठरत नाही. इनाम वारशाने चालत आले. पुरस्कार दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. या भेदाची जाणीव ज्या गावाने राखली, त्याचाच सन्मान टिकाऊ ठरेल.