हिमालयाएवढी चूक



चूक झाली की आपण बहुतेक दोनपैकी एक करतो. पदराआड लपवतो, नाहीतर 'मला काही जमतच नाही' म्हणत हातातलं कामच टाकून देतो. याहून वेगळी एक वाट आहे. ती गांधीजींच्या आयुष्यात सापडते.

साल १९१९. सरकारने रौलट कायदा आणला. खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवायची मुभा देणारा कायदा. गांधीजींनी हाक दिली आणि ६ एप्रिलला देशात हरताळ पडला. चारच दिवसांत त्यांच्या अटकेची बातमी पसरली. अहमदाबादचे गिरणी कामगार भडकले. त्यातच अनसूयाबेन साराभाईंनाही धरल्याची आवई उठली. जाळपोळ झाली, माणसं मेली. नडियादजवळ रेल्वेचे रूळ उखडायचाही प्रयत्न झाला.

आग काही गांधीजींनी लावली नव्हती. लोकांकडे बोट दाखवून त्यांना मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी तीन दिवस उपवास केला, १८ एप्रिलला कायदेभंग थांबवला आणि नडियादला उघडपणे सांगितलं, की माझी चूक हिमालयाएवढी आहे. लोक हसले. तरी कबुली दिल्याचा त्यांना पस्तावा झाला नाही.

आता त्यांनी चूक कोणती मानली ते बघा. सत्याग्रहच वाईट, असं ते म्हणाले नाहीत. मीच नालायक, असंही नाही. जो कायदा मनापासून पाळायला शिकला, त्यालाच तो सविनय मोडायचा हक्क; आणि ती तयारी नसताना मी लोकांना हाक दिली, एवढीच ती चूक. तिला नेमकं नाव मिळालं, म्हणून दुरुस्तीची जागाही दिसली. मुंबईत स्वयंसेवकांना शिकवायला त्यांनी सुरुवात केली. फार जण टिकले नाहीत.

१९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं जाळलं. पुन्हा चळवळ थांबवावी लागली, सोबती नाराज झाले. पण १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाला दांडीकडे निघताना त्यांनी आधी आश्रमाच्या शिस्तीतले ७८ जण निवडले. त्याच मे महिन्यात धारासणाला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी डोक्यावर लाठ्या झेलल्या, पण हात उगारला नाही. एक चूक सुधारायला अकरा वर्षं लागली.

आपल्या बचत गटातही हेच आहे. 'मी अशीच वेंधळी' म्हणणं ही कबुली नव्हे. 'मागच्या बैठकीत आलेले दोनशे रुपये वहीत लिहायचे राहिले' ही कबुली. मग उपायही सुचतो: पैसे दोघींनी मोजायचे आणि तिथेच लिहायचे.

आणि कुणी असं उभं राहून सांगत असेल, तर बाकीच्यांनी हसायचं नाही. हसलात, तर पुढची चूक वहीत दिसणारच नाही.