कन्येचा वाटा आणि राज्याची सीमा

एका राज्याची सीमा ओलांडली की भाषा बदलते, पिके बदलतात, रस्त्यावरील पाट्यांची लिपी बदलते. यांत कोणालाही नवल वाटत नाही. परंतु सीमेबरोबर कायदाही बदलतो असे कळले म्हणजे सामान्य माणूस गोंधळून जातो. देश एक, राज्यघटना एक, सर्वोच्च न्यायालयही एक. मग कायदे निराळे का असावेत? आणि निराळे असलेच, तर माणसाने कोणता कायदा आपला मानावयाचा? जन्मगावचा, राहत्या गावचा, की वाडवडिलांची जमीन जेथे आहे तेथला? नोकरीधंद्यानिमित्त देशभर पांगलेल्या कुटुंबांना हे प्रश्न वारंवार पडतात. त्यांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकाइतकीच इतिहासातही शोधावी लागतात. आणि या इतिहासाचे सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबातील कन्येच्या वाट्याचे होय.

ज्या काळी आजची राज्ये नव्हती, त्या काळीही वारशाचा कायदा सर्वत्र एक नव्हता. बाराव्या शतकाच्या आगेमागे चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वडिलार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा तिचा मुख्य सिद्धांत. पिता हयात असतानाही पुत्र त्याचा सहभागीदार ठरतो. बंगालमध्ये जीमूतवाहनाने आपल्या ‘दायभाग’ ग्रंथात नेमका याच्या उलट पक्ष मांडला. त्याच्या मते पिता आहे तोवर पुत्राला हक्क नाही. पित्याच्या मृत्यूनंतरच वारसा खुला होतो. पंडितांच्या या मतभेदाचे परिणाम पुढे विसाव्या शतकातील कन्यांना भोगावे लागले, हे लवकरच दिसून येईल.

पश्चिम भारतात आणखी एक प्रवाह मिसळला. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत मयूखाला अग्रमान मिळाला, तर देशावर मिताक्षरेचे प्राबल्य राहिले. निपुत्रिक पुरुषाची पत्नी व कन्याही मागे नसतील, तर मिताक्षरेप्रमाणे त्याचा वारसा आधी मातेकडे जाई. मयूखाप्रमाणे आधी पित्याकडे. म्हणजे एकाच इलाख्यात मुंबईच्या आणि पुण्याच्या कुटुंबांना निराळे नियम लागत. मयूखाने बहिणीलाही जवळच्या वारसांत स्थान दिले. वारसाहक्काने कन्येला मिळालेली मालमत्ता मुंबई इलाख्यात तिची पूर्ण मालकीची मानली जाई. मद्रास किंवा बंगालमध्ये मात्र तिला तिचा केवळ आयुष्यभर उपभोग घेता येई. मलबारात तर मरुमक्कत्तायम् पद्धतीने वंश आणि मालमत्ता मातेकडून मोजली जाई.

इंग्रजी न्यायालयांनी हे भेद पुसले नाहीत. उलट ते निर्णयांच्या चौकटीत पक्के केले. मुंबई सरकारच्या १८२७ च्या चौथ्या विनियमाने न्यायाधीशांना शास्त्राआधी देशाचा रिवाज पाहावयास सांगितले. १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या खटल्यात, रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनाहून श्रेष्ठ ठरेल, असा निर्णय दिला. याच काळात आणखी एक तत्त्व रुजले. कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले तर ते आपला कायदा बरोबर नेते, असे गृहीत धरले जाऊ लागले. नव्या प्रांताचा आचार त्याने स्वीकारल्याचे सिद्ध होईपर्यंत हे गृहीत कायम राही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा काशी येथे जाऊन वसलेल्या मराठी घराण्यांच्या दृष्टीने याचा अर्थ उघड होता: देव्हाऱ्यातील टाकांबरोबर त्यांचा वारसाकायदाही प्रवासास निघे.

सुधारणेची चाहूलही सर्वत्र एकाच वेळी लागली नाही. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. म्हैसूर संस्थानाने १९३३ मध्ये हिंदू स्त्रियांच्या हक्कांविषयी कायदा करून अविवाहित कन्येलाही कुटुंबाच्या वाटणीत अंश दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताहक्कांचा कायदा झाला. त्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा दिला, पण तो मर्यादित स्वरूपाचा. कन्या मात्र बाहेरच राहिली. शिवाय १९३५ च्या कायद्यान्वये शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय असल्याने गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये सांगितले. तेव्हा विधवेला घरात वाटा आणि शेतात नाही, अशी अवस्था झाली, आणि ती दूर करण्यासाठी प्रांतोप्रांती वेगळे कायदे करावे लागले.

या गुंत्यातून सर्व देशासाठी एक हिंदू संहिता करावी, हा विचार पुढे आला. १९४१ मध्ये सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या सभासदांत पुण्याचे ज. र. घारपुरे हे होते. स्वातंत्र्यानंतर विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संहितेचे विधेयक नेटाने पुढे रेटले. पुत्राचा जन्मसिद्ध हक्क काढून दायभागाच्या वळणावर सर्व देश आणावा आणि कन्येला वाटा द्यावा, असा त्याचा रोख होता. विरोध प्रखर झाला, विधेयक रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हे विधेयक प्रमुख होते. पुढे संहितेचे भाग करून कायदे झाले. त्यांपैकी हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला.

त्या कायद्याने कन्येला पुत्राबरोबर प्रथम श्रेणीचा वारस केले आणि स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. हे पाऊल फार मोठे होते. परंतु तडजोड म्हणून मिताक्षरेतील पुत्राचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला गेला. याचा परिणाम एका साध्या हिशेबाने कळतो. विधुर पिता, एक पुत्र व एक कन्या असे कुटुंब घ्यावे. वडिलार्जित जमीन १२ एकर. पिता मृत्युपत्र न करता वारला, तर मिताक्षरा कुटुंबात आधी पिता-पुत्रांची वाटणी झाल्याचे मानावयाचे. सहा एकर पुत्राचे स्वतःचे. पित्याच्या सहा एकरांत बहीण-भाऊ समान. म्हणजे भावाला नऊ, बहिणीला तीन. हेच कुटुंब बंगालमधील दायभागी असते तर जन्मसिद्ध हक्काचा प्रश्नच नव्हता, आणि दोघांना सहा-सहा एकर मिळाले असते. कायदा एक, कलमे तीच. तरी पुण्याची कन्या कलकत्त्याच्या कन्येहून निम्म्या वाट्याची धनीण ठरली. एकच कायदा केला म्हणजे समान न्याय झाला, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

येथे राज्यघटनेची रचना उपयोगी पडली. विवाह, दत्तक, मृत्युपत्र, वारसा, एकत्र कुटुंब आणि वाटणी हे विषय सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीच्या पाचव्या नोंदीत आहेत. त्यांवर संसद आणि राज्यांची विधानमंडळे, दोघांनाही कायदा करता येतो. दोहोंत विरोध आला तर संसदेचा कायदा वरचढ ठरतो. मात्र अनुच्छेद २५४ अन्वये राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. आणि संसदेला वाटल्यास पुढे तोही बदलता येतो. जमिनीवरील हक्क व कुळवहिवाट हा विषय तर राज्यसूचीतच आहे. राज्याराज्यांतील कायदे निराळे का, या प्रश्नाचे मुख्य उत्तर या रचनेत आहे. घटनाकारांनी भिन्नतेला वाव ठेवला आणि तिच्यावर अंकुशही ठेवला.

या वाटेने पहिले केरळ गेले. त्याने १९७५ मध्ये कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाची पद्धतीच रद्द ठरविली. आंध्र प्रदेशाने निराळा मार्ग धरला: जन्मसिद्ध हक्क मोडण्याऐवजी तो कन्येलाही द्यावा. हा कायदा १९८६ मध्ये झाला आणि ५ सप्टेंबर १९८५ पासून लागू मानला गेला. त्यामागून तमिळनाडूने २५ मार्च १९८९ पासून, महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून तोच नियम स्वीकारला. वरील उदाहरणातील हिशेब आता बदलला. पिता, पुत्र आणि कन्या प्रत्येकी चार एकरांचे धनी. पित्याचे चार दोघांत सारखे वाटले की बहीण-भाऊ सहा-सहा एकरांचे मालक.

परंतु या सुधारणेला दोन कुंपणे होती. पहिले काळाचे. कायदा लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले असेल तिला हा हक्क नव्हता. महाराष्ट्रात १९९४ च्या वैशाखात सासरी गेलेली थोरली बहीण जुन्या नियमात राहिली आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात बोहल्यावर चढलेली धाकटी भावाच्या बरोबरीची झाली. दुसरे कुंपण भूमीचे. नागपूरच्या कन्येला जे मिळाले ते बऱ्हाणपूरच्या कन्येला अकरा वर्षे मिळाले नाही, कारण मध्य प्रदेशाने असा कायदा केला नव्हता. शेतजमिनीविषयी काही राज्यांचे भूमिकायदे आणखी मागे होते. उत्तर प्रदेशाच्या १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यात वारसांचा क्रम पुरुषांना झुकते माप देणारा होता. आणि १९५६ च्या केंद्रीय कायद्याने कुळहक्कांच्या वारशासंबंधीचे असे नियम स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवले होते.

राज्यांचा हा अनुभव वाया गेला नाही. केंद्रीय विधी आयोगाने २००० साली आपल्या १७४ व्या अहवालात या राज्यांच्या कायद्यांची तुलना करून देशव्यापी सुधारणा सुचविली. तदनुसार ९ सप्टेंबर २००५ रोजी दुरुस्ती कायदा अमलात आला. कन्या, विवाहित असो वा अविवाहित, जन्मतः सहभागीदार ठरली. कुळहक्कांना अपवाद करणारे कलम गळले. राहत्या घराची वाटणी मागण्यास कन्येला केलेली मनाईही गेली. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या. कायदा अमलात येताना पिता हयात असावयास हवा काय, यावर बराच काळ वाद चालला. तशी अट नाही, हक्क जन्माचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगून तो मिटविला.

गोव्याची गोष्ट याहून वेगळी. तेथे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही वारशाचे तिचे नियम चालू राहिले. २०१२ मध्ये गोवा विधानसभेने वारशाविषयी स्वतःचा कायदा केला, त्यातही तीच परंपरा पुढे आली. तेथे पित्याला आपली सारी मालमत्ता इच्छेप्रमाणे देऊन टाकता येत नाही. निम्मा भाग संततीसाठी राखीव असतो, आणि त्यात पुत्र-कन्या असा भेद नाही. मग गोमंतकीयाचे मुंबईत घर असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला की, गोव्याबाहेर भारतात कोठेही असलेल्या त्याच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसाकायदा लागतो. कुटुंब आपला कायदा बरोबर नेते, हे जुने तत्त्व नव्या रूपात पुन्हा प्रकट झाले.

तेव्हा आपला कायदा कोणता, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. वारस कोण हे प्रायः व्यक्तीच्या वैयक्तिक कायद्यावर ठरते. जमीन कोणी धारण करावी, किती करावी, तिची नोंद कशी व्हावी, हे जमीन ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्यावर. अनुसूचित जमातींना उत्तराधिकार कायदा केंद्राच्या अधिसूचनेवाचून लागू होत नाही, हेही विसरता येत नाही. आणि भिन्नता चांगली की वाईट, या प्रश्नालाही इतिहास दुहेरी उत्तर देतो. आंध्राने १९८६ मध्ये वेगळे होण्याचे धाडस केले नसते, तर २००५ मध्ये देशाला एक होण्यासाठी अनुभवाचा आधार मिळाला नसता. परंतु मधल्या दोन दशकांत ज्या स्त्रिया सीमेच्या पलीकडे वा तारखेच्या अलीकडे राहिल्या, त्यांनी या प्रयोगाची किंमत मोजली.

आज ती सीमा कागदावरून बरीचशी पुसली गेली आहे. एक सीमा मात्र उरली आहे, आणि ती घराच्या उंबरठ्याची आहे. पित्याच्या मागे तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राचा कागद त्यांच्यापुढे येतो. माहेरचे दार उघडे राहावे, भाऊबीजेचे ताट वाढले जावे, म्हणून कित्येक बहिणी त्यावर मुकाट्याने सही करतात. स्वखुशीने सोडलेला हक्क हा औदार्याचा भाग होय. संकोचाने सोडलेला हक्क तसा म्हणता येणार नाही. या दोहोंतील भेद कोणतेही विधानमंडळ ठरवू शकत नाही. तो त्या कागदापाशी बसलेल्या भावाने ओळखावयाचा आहे.